मोजमाप पुस्तक, पान सत्तेचाळीस

पणजीहून निघताना साहेब म्हणाले,
छप्पर बघ, संडास बघ, दोन सह्या आण.
फाइलीवर शाळेला नाव नाही, नंबर आहे.
नंबरापुढे कंसात: पटसंख्या नऊ.

नेत्रावळीच्या पुढे जीप थांबली, तिथून
अर्धा तास पायी. एप्रिल.
काजूची बोंडं कुजल्याचा वास,
ओहोळावर आडवे टाकलेले माडाचे दोन सोट,
आणि मग चिऱ्यांच्या चार भिंती, पिवळ्या.
आमच्याच महामंडळाचा पिवळा,
कुठल्याही तालुक्यात ओळखीन मी तो.

हेडबाई म्हणजे एकट्याच बाई. रत्नमाला च्यारी.
चार इयत्ता एका खोलीत
आणि पाचवीत वाळवी,
असं त्याच म्हणाल्या. हसल्या नाहीत.

टेपचं दुसरं टोक धरायला मी शिपाई मागितला.
नऊच्या नऊ हात वर झाले.
शेवटी शाणू वेळीप, तिसरीतला.
टोक त्यानं भिंतीला असं दाबून धरलं
जणू सोडलं तर भिंत जाईल.

सात मीटर वीस. पाच मीटर दहा.
तो मोठ्यानं वाचायचा, मी लिहायची,
शाईनं. या पुस्तकात खाडाखोड चालत नाही,
चुकलं तर एक रेघ, रेघेखाली सही.
आढं मधोमध बसलेलं.
रीप बोटानं दाबली, बोट आत गेलं.
फुटके नळे आठ, लिहिलं.
"दहा," शाणू म्हणाला. "दोन पावसातच दिसतात."

मग संडास.
फाइलीत तो दोन हजार नऊ साली बांधला आहे.
तेरा साली रंगवला. एकोणीस साली दार बदललं,
कडी, बिजागऱ्या,
पांढरी फरशी दीड मीटर उंचीपर्यंत.
प्रत्येक पानावर कोणाची तरी सही, वळणदार.
कुठे आहे, मी विचारलं.
मुलं एकमेकांकडे बघू लागली.
"तो ना गे बाय," शाणू म्हणाला,
मला वाईट वाटू नये अशा आवाजात.

मागे माट्टीचं एक झाड, आणि पायवाटा दोन,
मुलींची वेगळी, मुलांची वेगळी.
त्या कोणी आखल्या याची नोंद कुठेच नाही.

बाईंनी चहा केला. म्हणाल्या, आहे म्हणून लिहा.
आहे लिहिलंत तर दुरुस्ती येते.
नाही लिहिलंत तर चौकशी.
चौकशीखाली मुलं बसवता येत नाहीत.

त्यांचं खरं होतं. अकरा वर्षं मीही हेच बघतेय.
पेन उघडून बराच वेळ बसले.
शाणू टेप गुंडाळत होता, नीट,
शून्य बाहेर राहील असा.

लिहिलं: जागेवर आढळला नाही.

फाइल पर्वरीला गेली, परत आली,
तीन शेरे घेऊन, एक लाल.
कोणी बांधला ते कोणी विचारलं नाही.
मला विचारलं, कोणाला विचारून लिहिलंस.
छप्पर आणि संडास एकाच अंदाजपत्रकात होते,
एकाच सुतळीनं बांधलेले.

जुलैत बाईंचा फोन. आढं गावकऱ्यांनीच उतरवलं,
पडायच्या आधी. वर्ग आता मांडावरच्या शेडीत.
पुढच्या वर्षी शाळा दुसऱ्या शाळेत जोडतील बहुतेक.
तुमच्यावर राग नाही, म्हणाल्या.
मग थोडं थांबून: आहे थोडा.

शाणूनं म्हणे वहीची पानं चिकटवून
दोन मीटरची पट्टी केली आहे.
सगळं मोजत सुटतो. मांड, म्हशी, बाईंना सुद्धा.
तुम्ही नेलेले आकडे त्याच्याकडे पण आहेत हं,
सात वीस, पाच दहा,
नळे दहा.

माझ्या पुस्तकात आठ.
पान काढलं. एक रेघ मारली.
खाली सही केली.