पाण्याचा दिवस

लॉजच्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
"कुणाकडं आलाव?"
कुणाकडं नाही म्हटलं, तर पेन थांबलं त्याचं रजिस्टरवर.
"सुट्टीला? सोलापूरला?"
आणि एसीचा रिमोट दिला, जरा दयेनंच.

मी आले होते श्यामलाच्या वतीनं.
मस्कतच्या हॉटेलात, तळघरात, आम्ही दोघी
टॉवेलांच्या घड्या घालतो, पाळीला आठशे,
आणि मधूनच एखादा हातात धरून ती म्हणते,
हा आमच्याकडचा नव्हे,
आमच्याकडचा काठावरून बोट फिरवलं की कळतो.
तिची रजा दोन वर्षं अडली आहे.
माझी सुटली. म्हणाली, परतताना तीन दिवस तिकडं काढ,
तुझ्या डोळ्यांनी तर तुझ्या डोळ्यांनी.

तर तळ्याकाठी बसून झालं.
सिद्धेश्वराला नारळ झाला, तिच्या नावाचा.
शेंगाचटणी झाली, कडक भाकरीची चवड झाली,
किल्ल्याच्या बुरुजावर एका शाळेच्या सहलीनं
मलाच फोटो काढायला लावले.
घर मी शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं.
निवांत बसू, मागाचा आवाज फोनमध्ये भरून घेऊ,
तेवढंच तर मागितलं होतं तिनं.

बॅग घेऊन गल्लीत शिरले
तर नळाला पाणी.
पाचव्या दिवशी आलेलं.
कुणाची मान वर नाही.
अम्मा दारातच, पदर खोचून,
आधी तेलुगूत काहीतरी, मग मराठीत,
"श्यामलाची ना तू? हे धर."
आणि हातात पाइप.

बॅरल, घागरी, कळश्या, कुकर,
बाळाचं न्हाणं, दोन तांबे, चहाचं पातेलंसुद्धा.
मी कोकणातली. आमच्या विहिरीत
श्रावणात वाकून हातानं पाणी घेता येतं.
इतक्या अदबीनं धरलं नव्हतं कधी.
अंबादास, तिचा भाऊ, हंडे वाहता वाहता म्हणाला,
"माग दुपारी लावू की ओ, थांबा."
दुपारी विमान आहे म्हटलं.
"मग संध्याकाळच्यानं जावा की,"
जशी काही एसटीच.

फोन चालूच ठेवला होता मी, खिडकीत.
त्यात आलं ते एवढंच:
धार, बादलीची कडी,
शेजारणीनं मोटर लावली म्हणून अम्माचा चढलेला आवाज,
आणि मी, "भरलं, भरलं, दुसरं द्या."

रिक्षा आली. पाइप एका पोराकडं दिला.
चहा नाही, कुंकू नाही, थांब म्हणायला उसंत नाही,
अम्मानं ओल्या हातानं एक बाटली दिली फक्त.
"आजचं आहे."

होटगी रस्त्याला रिक्षावाल्यानं बोट दाखवलं,
"हितं चिमणी होती कारखान्याची. विमानासाठी पाडली."
मीही मान वर करून पाहिली
ती नसलेली चिमणी.
मग छोटंसं विमान, पंख्याचं,
आणि खाली तळं, हाताच्या तळव्याएवढं,
भरलेलं.

मुंबईला पुढच्या विमानाच्या तपासणीत
चटणीचा वास घेऊन शिपाई हसला, सोडली.
बाटलीवर अडला. "इथे ओता."
ओतू?
ते गल्लीभर ओरडणं, ते चहाचं पातेलं, ओतू कचऱ्यात?
अर्धं श्यामलासाठी ठेवलं होतं मी.
रांग खोळंबली, मागचा माणूस घड्याळ बघायला लागला,
मी उभ्या उभ्या अख्खी बाटली प्यायले,
ब्लाउज भिजला.

गेटवर बसून रेकॉर्डिंग पाठवलं. अकरा मिनिटं.
माग नाही गं यात, असंही लिहिलं, माफी मागितल्यासारखं.
बराच वेळ काही नाही.
मग दोन निळ्या खुणा.
मग आणखी काही वेळानं, विमानात पट्टा बांधताना:
"दारामागचं बॅरल भरलं का?"

चार बोटं राहिलं होतं मी निघाले तेव्हा,
एवढं लिहीपर्यंत
फोन बंद करायला लावला.