शब्दाच्या पोटात

फॉर्मवर प्रश्न सातवा:
इंग्रजी वाचताना स्वतःबद्दल किती खात्री वाटते?
एक ते पाच. गोल करा.

लेसोथोतला जून. विद्यापीठाच्या लायब्ररीत
सगळे ब्लँकेटं पांघरून बसलेले.
माझी पेन्सिल
दोन आणि तीनच्या मधल्या कोऱ्या जागेत.

मॅडम लिनेओ सांगतात, प्रत्येक शब्दापाशी
मुक्काम ठोकू नका.
लांबलचक शब्द दिसला तर फोडा,
पोटात एखादा ओळखीचा निघतोच.
सगळे माना डोलावतात. मीही.

मॅडम, मी नऊ वर्षांची होते.
शेजारच्या माखौहेलोकडे
जोहान्सबर्गच्या खाणकचेरीचं पत्र आलं.
नवऱ्याच्या छातीत साठलेल्या धुळीची
भरपाई मागितली होती तिनं.
माझ्याभोवती सात बायका, दोन म्हातारे, एक कुत्रा.
पहिल्याच ओळीत एक शब्द, गाडीच्या डब्यांसारखा लांब:
अनफॉर्च्युनेटली.
मी फोडला.
पोटात फॉर्च्यून निघालं.
फॉर्च्यून मला येत होतं, शाळेत भिंतीवर होतं.
मी म्हणाले, नशीब उघडलं, पैसे येतायत.
आवाज जराही अडखळला नाही.

त्या रात्री तिनं कोंबडी कापली.
मक्याचं पोतं उधार आणलं.
सगळा हिवाळा
ती रस्त्याच्या वळणाकडे बघत बसली.

तेव्हापासून मी
शब्दाच्या सुरुवातीशीच थबकते.
सगळ्यांचं पान उलटतं,
माझं बोट दुसऱ्या ओळीवर.
आळशी म्हणतात. हळू म्हणतात.
म्हणू देत.

आता एक करते. न कळलेल्या शब्दाखाली
पेन्सिलीनं बारीक टिंब देते
आणि पुढे सरकते, छाती धडधडत.
तो शब्द मागून हाक मारतोच.
पान संपलं की माघारी येते.
काही टिंबं खोडते.
एखादं राहतं. राहू दे.

आज हात वर केला, पहिल्यांदाच:
मॅडम, शब्द फोडताना
आधी डोकं बघायचं की पोट?
मागे कुणीतरी हसलं.
मॅडम हसल्या नाहीत. खडू हातातच राहिला.

सातवा प्रश्न अजून कोरा आहे.
त्यात हे कुठे लिहायचं,
की दुसरं पत्र आलं तेव्हाही
माखौहेलो माझ्याकडेच आली,
चुलीपाशी बसवलं, म्हणाली,
या खेपेला कोंबडी कापत नाही मी.
तू सावकाश वाच.