मागच्या पानावरचा हिशेब

मुरूडपासून फाट्यापर्यंत अकरा किलोमीटर.
आठवड्यातून तीनदा मी तिथं जातो
रोपांचे फोटो काढायला.
फोटोत रोप हवं, रोपाशेजारी माणूस हवा,
खालच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश हवेत,
तेव्हा कुठं वर पटतं की झाड खरं आहे.

लावली दोनशे.
करंज, कडुनिंब, शिसव, थोडी चिंच.
खड्डे घेताना मुरमातून
टिकावाला ठिणग्या लागत होत्या.

संगोपन सोजरबाईकडे.
ती आरोग्य केंद्रातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणते,
काठीला उलट्या टांगते,
आणि नळीचं चाक अंगठ्यानं फिरवून
एकेकाला थेंब ठरवून देते.
लांबून सगळा रस्ता वॉर्डासारखा दिसतो.
एसटीतले लोक माना वळवून बघतात.
"ह्येनं दोन दिस झाले, पान टाकलंय.
त्येला कुणाची तरी शेळी भेटून गेली."
अठ्ठ्याऐंशी नंबरच्या लिंबावर तिचा जीव जास्त.
का, ते सांगत नाही.

जिवंत रोपं: एकशे सदतीस.
साहेब म्हणतात, नव्वद टक्के लिहा.
मी एकशे सदतीसच लिहितो,
पण पेन्सिलीनं.

पाडव्याला परभणीहून पुतणी आली,
अपेक्षा, शेतकी कॉलेजातली.
जेवताना म्हणाली, काका, गाडी किती देते?
पंचेचाळीस, म्हटलं. वारं समोरून नसलं तर.
तिनं डाव्या हातानं मोबाइलवर काहीतरी केलं.
"जाऊन येऊन किलोभर धूर."
मी हसलो. धुराला कुठं वजन असतं?
"असतं की. ज्वारीसारखं.
आणि तुमचं ते बोटाएवढं रोप
वर्षभरात फार तर तेवढाच गिळतं.
जगलं तर."
मग तिनं आणखी वरण मागितलं.

त्या रात्री नोंदवही मागून उघडली.
आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर.
झाडं एकशे सदतीस.
पुन्हा मांडून पाहिलं.
बाईनं थेंबथेंब घालून जे जगवलं
ते मी, नुसता बघायला जाऊन,
खाऊन बसलो होतो.
वर थोडी उधारीही.

लेकीची शाळेतली सायकल गोठ्यात पडून होती,
सरकारी, निळी, पुढं टोपली.
शब्बीरभाईनं दोन्ही ट्यूबा बदलल्या,
पैसे मोजताना आवाज खाली आणून विचारलं,
"गाडी विकली का? काही अडचण?"
आमच्याकडे माणूस सायकलवर येतो
तो काहीतरी बिनसल्यावरच.

पहिल्या दिवशी पायांनी शिव्या दिल्या.
पोरं ओरडली, टोपलीत काय हाय, अंडी?
सोजरबाई लांबूनच म्हणाली,
"गाडी कुठंय? बरं झालं बाबा.
तू आलास की टिटवी बोंबलत उठायची.
तिची अंडी हायत तिथं, खड्यात."
चार होती. मुरमाच्याच रंगाची.
दोन वर्षं मी त्यांच्यापासून वीस पावलांवर
गाडी लावत होतो.

खोटं कशाला सांगू.
मे महिन्यात तीनदा गाडी काढली,
डोक्यात ऊन घुमायला लागलं होतं.
तेही मागच्या पानावर आहे, पेनानं.
फोटो आता आठवड्यातून एकदाच.
वरून विचारणा आली: वारंवारता कमी का?
उत्तर अजून दिलेलं नाही.
साहेबांनाही कसं सांगावं
की बघणं कमी केलं म्हणून झाडं थोडी जास्त झाली?

काल गेलो तर अठ्ठ्याऐंशीला नवी पालवी,
तांबूस, तान्ह्याच्या तळपायासारखी.
टांगलेली बाटली मात्र कोरडी होती,
टँकर दोन दिवस आलाच नव्हता.
मी फोटोसाठी मोबाइल काढला.
सोजरबाईनं हात पुढं केला,
मोबाइलसाठी नाही,
माझ्या टोपलीतल्या पाण्याच्या बाटलीसाठी.
एक घोट घेतला
आणि दिली.