एक खुर्ची सोडून

डुलुथच्या एका शाळेत मी जेवण वाढते.
केसांवर जाळी, हातांत मोजे, साडेअकराला पहिली रांग.
बाहेर सरोवर गोठलेलं, आत दोनशे पोरांचा कल्ला
आणि ट्रे आपटल्याचा आवाज, जो वेंडेलला
दातातून कळ जावी तसा लागतो.
म्हणून तो निळे, मोठे हेडफोन घालतो.
त्यांत कुठलं गाणं लावतोस, मी एकदा विचारलं होतं.
म्हणाला, "काहीच नाही. त्यासाठीच आहेत ते."

त्याचे मटार बटाट्याला शिवता कामा नयेत.
हे मला ठाऊक आहे. मी दोन वाट्या देते,
आणि सप्टेंबरपासून एवढ्यावरच
स्वतःला भली बाई समजत आले.

खिडकीकडचं शेवटचं टेबल.
आठ खुर्च्या, एक मुलगा.

फेब्रुवारीत कॉलेजच्या हॉकी संघातल्या मुली आल्या,
सह्या द्यायला, वाचनाचं महत्त्व की काय ते सांगायला.
पोरं त्यांच्यावर तुटून पडली.
सोल्वेग त्यांची गोलरक्षक,
खांदे दाराएवढे, हनुवटीवर टाक्यांची जुनी खूण.
तिनं माझ्याकडे जास्तीचा पाव मागितला
आणि ट्रे घेऊन जराशी थांबली,
पक कुठून येईल याचा अंदाज घेतल्यासारखी.

मग ती त्या टेबलाशी गेली.
समोर नाही बसली. खेटूनही नाही.
एक खुर्ची सोडून बसली, तोंड खिडकीकडे, त्याच्यासारखंच,
आणि जेवू लागली.
'नाव काय तुझं' नाही.
'एकटाच का रे' तर नाहीच नाही.
माझा डाव हवेत. रांग खोळंबलेली.

चार मिनिटं. घड्याळ माझ्या समोरच्याच भिंतीवर आहे.
मग वेंडेल खिडकीला म्हणाला,
"बर्फ फुटल्यावर पहिलं जहाज 'हॅरिएट ब्लूम'.
तीनशे पाच मीटर. लोखंडाची माती न्यायला येतं."
"भोंगा कसा देतं?" तिनंही खिडकीलाच विचारलं.

त्यानं तो दिला.
एक लांब, दोन आखूड,
छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा काढून.
जेवणघर चिडीचूप.
कुणीतरी फिसकन हसलं.

सोल्वेगनं काटा खाली ठेवला, तोंड पुसलं,
आणि पुलानं जहाजाला द्यावं तसं उत्तर दिलं:
खालच्या पट्टीत, एक लांब,
दोन आखूड.

तेवढ्यात एका बाईंनी फोन उचलला.
वाईट नाहीत त्या. डोळे भरून आले होते त्यांचे.
सोल्वेगनं मान वळवली नाही,
फक्त डावा पंजा उघडला,
फोन आणि मुलगा यांच्या मधोमध,
अगदी सहज, माशी वारावी तसा.
फोन खाली गेला.

म्हणून त्या दुपारचा फोटो नाही.
मी सांगते तेवढंच आहे,
आणि वेंडेल हेही त्याचं खरं नाव नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांची बस निघाली.
पुन्हा येईन, असं ती म्हणाली नाही.
खोटं बोलायचा सराव नसावा.

दुसऱ्या दिवशी आठ खुर्च्या, एक मुलगा.
त्याच्या पुढच्या दिवशीही. पोरं ती पोरंच.
मी मात्र रात्री भांडी विसळताना
दोन वाट्यांचा हिशेब मांडत राहिले; तो काही जुळेना.

गुरुवारी रांग संपल्यावर मोजे काढले,
जाळी काढली, केस नीट केले, जशी पाहुणी निघालेय,
आणि जाऊन त्याच्या समोर बसले.
"तिथे नाही," तो म्हणाला.
उठले. एक खुर्ची सोडून बसले.
सरोवर होतं तसंच पांढरं.
किती मिनिटं गेली, सांगता यायचं नाही,
घड्याळ पाठीमागे होतं.

"तू मटारवाली आहेस का?" त्यानं खिडकीला विचारलं.
"हो."
"मग जाळी घाल.
जाळीशिवाय तू मला ओळखू येत नाहीस."