शाजापूर वगळून

टेबलावर नकाशा पसरलाय,
उडू नये म्हणून कोपऱ्यावर शेवेचा डबा.
फोन सगळं सांगतो, तरी ह्यांना कागदच लागतो.

"उज्जैन, आगर, कोटा, जयपूर…"
पेन्सिल चढत जाते मनालीच्या वर, सिस्सूपर्यंत.
"इंदूरहून लांब पडतं थोडं, पण रस्ता मोकळा."

मी कानटोप्या मोजते, आल्याच्या वड्या.
बर्फ आम्हाला ठाऊक तो फ्रीजरमधला,
उलथन्याने खरवडून मोरीत टाकलेला.

सरळ वाट देवासवरून: शाजापूर, गुना, आग्रा.
तिचं नाव घरात निघत नाही.
शाजापुरात, हायवेला लागूनच, मुकुंदभाऊजी राहतात.
वाटणीत एका शिलाई मशीनवरून बोलणं तुटलं,
त्याला नऊ वर्षं झाली.
मशीन आमच्याकडेच आहे. तिच्यावर टेबलफॅन ठेवतो.

रात्री हे झोपल्यावर खोडरबर घेतलं.
आगर पुसलं, कोटा पुसलं,
जयपूरपाशी कागदच विरला.

सकाळी चष्मा पुसत हे बराच वेळ बघत राहिले.
काही बोलले नाहीत.
खाली जाऊन गाडीची डिकी उघडली,
वितीने मापली, दोनदा.

टायरच्या साखळ्यांना
एवढी जागा लागत नाही.