नाक

मॅक्सीन मेण वितळवते आणि मी नाक.
आमच्या कंपनीत एवढीच माणसं.

ग्रिम्झबीच्या धक्क्यावर, बर्फाच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं मी हॅडॉकचे काटे काढले.
लिंबू, व्हिनेगर, ओली वाळू,
कशानंही हातांचा वास सुटला नाही.
बसमध्ये शेजारची सीट रिकामीच राहायची,
मी पाय पसरून घरी यायचो.

हिनं नाक कधी मुरडलं नाही.
फक्त मी यायच्या आत खिडकीत
चिनीमातीची वाटी तापत ठेवायची:
खाली बुटकी मेणबत्ती,
वर वातीशिवाय विरघळणारी गुलाबी वडी.
दुकानातल्या महाग पडल्या, तेव्हा घरी करू लागली.
मग शेजारणीनं मागितल्या,
मग शेजारणीच्या बहिणीनं, पैसे देऊन.

सोयाचं मेण पंचाहत्तर अंशांवर.
पासष्टला उतरलं की तेल, मेणाच्या दहावा भाग,
दोन मिनिटं ढवळायचं, बुडबुडा न आणता,
जणू भांड्यात कुणी झोपलंय.
चिमूटभर चकाकी. साचे शिंपल्यांचे, समुद्रघोड्यांचे.
घाईत काढला की घोड्याची शेपटी तुटते,
तुटलेले आमच्या संडासात जळतात.
बाकीचे पंधरा दिवस डब्यात मुरतात.

मग त्या वर्षीच्या तापात
तिचा वास गेला.
चव आली परत, अर्धीमुर्धी. वास नाही.
तेव्हापासून चमचा तिचा, नाक माझं.
ज्या नाकाला स्वतःचाच वास एकतीस वर्षं कळला नाही
त्याच्या भरवशावर आता लव्हेंडर.

"कसा आहे?"
"छान."
"छान म्हणजे?" आणि चमचा खाली.
म्हणून मी बोलायला शिकलो, साठीत.
हा वाळत घातलेल्या चादरीचा, पण चादर शेजाऱ्यांची.
हा सफरचंदाचा, आतून लागलेल्या.
हा लव्हेंडरच, पण खोलीत कुणीतरी
आत्ताच भांडून गेलंय.
ती हे सगळं जसंच्या तसं लेबलवर उतरवते.
भांडणाचं लव्हेंडर सगळ्यात आधी संपतं.

ऑक्टोबरात एक डबा उघडला.
चाळीस निळे शिंपले. हुंगले.
काहीच नाही.
धुऊन पालथ्या घातलेल्या बशीइतकं काहीच नाही.
फळीवर तेलाची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली,
सीलसुद्धा न फोडलेलं.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पेन उघडून.

"समुद्र," मी म्हटलं. "लांबून."

चर्चच्या हॉलमधल्या बाजारात
तो डबा मी टेबलाखाली सरकवत होतो,
ती वर काढत होती.
दुपारी लोकरीची टोपी घातलेली एक बाई आली,
एक शिंपला नाकाशी धरून उभी राहिली,
इतका वेळ की मला घाम फुटला.
"याला वास नाही," ती म्हणाली.
मॅक्सीनचा हात सुट्ट्या पैशांत थांबला.
"किती आहेत असे?
बहिणीची औषधं चालू आहेत.
कसलाही वास आला की पोटात ढवळतं तिच्या.
तिला नुसतं काहीतरी
वितळताना बघायचं असतं."

चाळीसच्या चाळीस घेऊन गेली.

परतताना गाडीत मॅक्सीन गप्प.
घरी आल्यावर कोट न काढताच फळीपाशी गेली,
बाटली दिव्यासमोर धरली,
हलवली, पुन्हा जागेवर ठेवली.
मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

"गुरुवारी आणखी चाळीस," ती म्हणाली. "तशाच."
"पण तेल..."
"तू यात नाक खुपसू नकोस."

मग जिना चढता चढता, पाठमोरी:
"पन्नास पेन्स कमी लाव प्रत्येकी. तेलाचे.
लेबल तेच राहू दे."