कार्यक्षेत्राबाहेर

सकाळी साडेआठला फोनला चेहरा दाखवायचा.
मी दाखवते. फोन म्हणतो,
आपण कार्यक्षेत्राबाहेर आहात.
मी उपकेंद्राच्या पायरीवर,
पाठीला जांभ्याची भिंत, हातात लशींचा डबा.
कुष्टा शिपाई म्हणतो, बाई, वर पंपाकडे जा,
काजूखाली एखादी दांडी मिळते.
दांडी मिळेपर्यंत
माझीच दांडी लागलेली असते.

नेत्रावळीच्या वरच्या वाड्यांवर ही नऊ वर्षं.
आधी नुसती वही होती.
सुकांती वेळीपच्या नावापुढे मी पेन्सिलीनं लिहायचे :
अंडी तीच खाते की सासरा, बघणे.
टॅबमध्ये याला रकाना नाही.
आता वहीही भरायची, टॅबही.
एकेक बाळ दोनदा जन्माला घालते मी,
दुसऱ्यांदा रात्री अकराला,
माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपल्यावर.

लविना माझ्याच बॅचची. गॉलवेला असते.
तिचा फोन येतो तो याच काजूखाली,
एजंटाचा मेसेजही इथेच :
परिचारिका हव्यात, ताबडतोब.
लविना म्हणते, इथंही स्क्रीनच गं,
पण साडेसातला बंद होते.
आणि येताना भिरंडाची सोलं आण.
येताना, म्हणते. आलीस तर नाही.

राजीनामा जूनपासून फोनमध्ये लिहून ठेवलाय.
मजकूर तोच. तारीख तेवढी बदलते.

नोव्हेंबरात, कापणी चालू असताना,
सुकांतीचं बाळ आलं आणि रक्त थांबेना.
इंजेक्शन दिलं. रुग्णवाहिका घाटात.
डॉक्टर प्रियोळकर कुडचड्याला, फोनवर,
फोन कुष्टाच्या हातात, कुष्टा काजूखाली
आणि मी आत, दोन्ही हात कामात.
तिथून तो ओरडायचा :
बाई, पोट चोळपाचें सोडूं नाकात म्हणटा दोतोर!
मी आतून ओरडायचे, नाडी एकशेतीस!
तो वर सांगायचा, एकशेतीस!
आमच्या आवाजानं खालच्या वाड्यात दिवे लागले.
वीस मिनिटं असंच.
मग पोट हाताखाली चेंडूसारखं घट्ट झालं.

कुष्टाचा घसा तीन दिवस बसला होता.
त्यालाही टॅबमध्ये रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला चेहरा दाखवला.
कार्यक्षेत्राबाहेर.
चढून काजूखाली गेले,
राजीनामा उघडला, तारीख बदलली.
पाठवायला दांडीच नव्हती,
असं लविनाला सांगितलं.

खरं तर दोन होत्या.